एकतीस इंचांवरचं सिंक

मी, उमाकांत दत्तात्रय खांबेटे, वय अठ्ठ्याहत्तर, सरकारी यंत्रकारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त, राहणार पीण्या औद्योगिक क्षेत्रामागे स्वतः बांधलेल्या घरी, बेंगळुरू, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव असता तर हे तीन वर्षांपूर्वीच लिहून झालं असतं. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. घर व त्याखालची जागा माझी एकुलती एक मुलगी शलाका हिला. ती आणि जावई ध्रुव सध्या महादेवपुऱ्यात भाड्याने राहतात आणि दिवाळीला माझ्याकडे कायमचे राहायला येणार आहेत. खालची कलमं कळल्यावर ती यायचं रद्द करू शकेल. तरीही घर तिचंच.

२. मायक्रोमीटर, व्हर्निअर, कानशी आणि वाइस ध्रुवला. तो भिंतीत खिळा ठोकायलाही मोबाइलवरून माणूस मागवतो, पण मनाने सरळ आहे. हत्यारांना वर्षातून एकदा तेल लावलं तरी पुरे. पातळी बघायची पाणसळ आमचा प्लंबर मल्लाप्पा याला ठेवणार होतो, परंतु तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराने वारशातून काही घेऊ नये म्हणतात. म्हणून ती आजच त्याच्या हातात दिली.

३. चुलतभाऊ पुरुषोत्तम याला काहीही देऊ नये. त्याने १९८८ साली दोन दिवसांसाठी नेलेली माझी शिडी अजून त्याच्याच घरी आहे. तोच त्याचा वाटा.

४. स्वयंपाकघराबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे. घर १९८७ साली बांधलं. नकाशा मी काढला, कारखान्यातल्या ड्रॉइंगसारखा. ओट्याची उंची अडतीस इंच ठेवली. कामाचं टेबल कोपराच्या चार इंच खाली हवं, हा टूलरूमचा नियम. नियम बरोबर होता. कोपर माझं मोजलं. मी पाच फूट अकरा इंच. माझी पत्नी अलका चार फूट नऊ इंच. ओट्यापाशी सगळं आयुष्य तिने काढायचं होतं आणि मी तिथे फक्त चहा करणार होतो, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “अहो, इथे हात पोचवायला मला चवड्यांवर उभं राहावं लागतंय.” मी हसलो आणि तिला सागवानी पाट करून दिला. पस्तीस वर्षं अलकाने त्या पाटावर उभं राहून भांडी विसळली, भाज्या धुतल्या. शलाका मोठी झाल्यावर माझ्याशी कैक वेळा भांडली, की ओटा फोडा, आई पडेल एक दिवस. मी म्हणायचो, ग्रॅनाइट आहे, उगाच फोडत नाहीत.

पाट घसरू नये म्हणून खाली रबराचे चार तुकडे लावले होते. त्यातला एक निघाला. अलका महिनाभर सांगत होती. मी दर वेळी म्हणत होतो, रविवारी बघतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये, दुपारची जेवणं झाल्यावर, अलका त्या पाटावरून पडली. खुबा मोडला. मी शेजारच्या खोलीत होतो. हॉस्पिटलात नेताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “शलीला सांगा, बाथरूममध्ये घसरले. ओट्याचं कळलं तर ती तुम्हाला जन्मभर सोडणार नाही.” मी तसंच सांगितलं.

५. आमच्याकडे एकोणीस वर्षं काम करणाऱ्या कावेरीने त्या सकाळी बाथरूम धुतलं होतं. संध्याकाळी शलाकाने तिला विचारलं, “बाथरूममध्ये साबणाचं पाणी कोणी ठेवलं?” कावेरी म्हणाली, “मी धुतलं, पण पुसलं होतं.” शलाका म्हणाली, “उद्यापासून येऊ नकोस.” मी पेपर वाचत होतो. पेपर सकाळीच वाचून झाला होता.

अलका अकरा दिवस जगली. कावेरी का येत नाही, असं रोज विचारायची. मी सांगायचो, गावी गेली आहे. ती त्याच समजुतीत गेली. खोटं तिने माझ्यासाठी सांगितलं होतं. त्याची किंमत कावेरीला मोजू दिली, ती मी.

बँकेतली माझी सर्व ठेव कावेरी मुनियप्पा, राहणार आनेकल, हिला मिळावी. ही बक्षिसी नव्हे आणि भरपाईही नव्हे. एकोणीस वर्षांच्या नावाला लागलेला डाग बँकेच्या व्याजाने निघत नाही, एवढं मला कळतं.

६. सिंक. इथे येऊन राहायचं ठरल्यावर शलाकाने स्वयंपाकघर नवं करायला घेतलं. तिला फार्महाउस सिंक हवं होतं: पांढरं, भलंमोठं, पुढची बाजू उघडी, ओट्याची पट्टी मध्ये न येता अगदी चिकटून उभं राहता येईल असं. मी म्हटलं, पितळी पातेलं आपटलं तर टवका उडेल. ती म्हणाली, “बाबा, पितळी पातेलं आता कोण आपटणार?” दुकानात आम्ही तिघं गेलो, मल्लाप्पासह. तो निपाणीकडचा, त्यामुळे मराठी बोलतो. त्याने दोन सिंकं ठोकून बघितली आणि मला विचारलं, “सार, फोटो बघून सिंक घेऊ नका. पुढ्यात उभं कोण राहणार? त्यांची हाइट हेळी, सांगा. सिंक मग बसवू.”

अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मी विचारलाच नाही. घर बांधलं तेव्हा नाही, पाट केला तेव्हाही नाही. माझ्या तोंडून निघालं, “चार फूट नऊ इंच.”

शलाका माझ्याच उंचीवर गेली आहे. ती म्हणाली, “बाबा, एवढ्या उंचीचं आता घरात कोणी नाही.” आणि मग तिला कळलं, म्हणजे तिला वाटलं की कळलं. भर दुकानात माझ्या गळ्यात पडून रडली. “आईची इतकी आठवण ठेवता तुम्ही!” सगळ्या नातेवाइकांना तिने फोनवर हे सांगितलं. माझं कौतुक झालं. आयुष्यात मला कधी इतकी लाज वाटली नव्हती.

सिंक एकतीस इंचांवर बसलं आहे. ताट धुताना मला कंबरेत वाकावं लागतं. मी आहे तोवर ते तसंच राहील. पुढे शलाकाने तिला सोसेल त्या उंचीवर घ्यावं. मेलेल्या माणसासाठी जिवंताची पाठ मोडू नये.

७. मागच्या मंगळवारी बस धरून मी आनेकलला गेलो. कावेरी आता एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासते. तिने ताक दिलं. मी ते पिऊन संपवलं. शेवटी तीच म्हणाली, “अण्णा, अक्कांच्या पाटाचं काय केलंत?”

मी विचारलं, “तुला कसं कळलं?”

“मी मागच्या जिन्यात होते. पाटाचा आवाज मला कळत नाही होय? एकोणीस वर्षं ऐकला.”

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले, अण्णा.”

पाट माळ्यावर आहे. तिन्ही रबरांसह तो शलाकाला दाखवावा आणि मग जाळावा.

८. “हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूपूर्वी कोणी उघडू नये” हे वाक्य मी येथे लिहिलं होतं. ते खोडलं आहे. खोडाखोडीशेजारी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. मेल्यावर खरं बोलायला हिंमत लागत नाही. शलाका उद्या अकरा वाजता नवं स्वयंपाकघर बघायला येणार आहे. कलम चार ते सात मी तिला स्वतः वाचून दाखवीन. मला तिच्याकडून माफी मिळणार नाही असं वाटतं. ती मिळावी अशी मागणीही या मृत्युपत्रात नाही. तिने आनेकलला जाऊन कावेरीची माफी मागावी, एवढी मात्र आहे.

कावेरीला फोन करून विचारलं, वाचताना येशील का. म्हणाली, “मी कशाला, अण्णा? मला माहीतच आहे.”

वरील मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

सही: उमाकांत दत्तात्रय खांबेटे

साक्षीदार १: गुरुप्रसाद राव, शेजारी (सही)
साक्षीदार २: मल्लाप्पा, प्लंबर (सही, कन्नडमध्ये)

स्थळ: बेंगळुरू
तारीख: १४ जून २०२५, शनिवार. उद्या रविवार.