मागच्या सोमवारची प्रत

३ मार्च
पोहोचले एकदाची! तळं अजून गोठलेलं, पण ऊन लख्ख. टॅमरॅक फॉल्सच्या वाचनालयात सर्व्हर सांभाळायची नोकरी. गावाची सगळी नोंदवही, म्हणजे जन्म, घरं, पाण्याची जोडणी, तळघरातल्या त्या एकाच यंत्रावर आहे. दर सोमवारी तिची एक प्रत निघते. ग्रंथपाल आयला कोस्किनेन साठीतली, बडबडी. वेलदोड्याचा पाव पुढे ठेवून म्हणाली, आधीचा माणूस पळाला, तू निदान हा संपेपर्यंत तरी थांब!

२० मार्च
काल आयलाच्या लेकीला मुलगी झाली, आयलाची पहिली नात. आइनो. टपालवाल्या हॅरल्डला तिने तीनदा फोटो दाखवला. तो म्हणाला, बाई, नाक तिसऱ्यांदाही तुझ्यावरच गेलंय, आता पत्रं वाटू दे. आइनोचं नाव मीच नोंदवहीत चढवलं.

२५ मार्च
काल सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली आणि शोध बंद पडला. आयला म्हणाली, मग जुनीच आण की. जुनीला नव्या नोंदी वाचता येत नाहीत, म्हणून तिच्यासोबत १७ तारखेची प्रतही परत चढवली. जागा पुरेना, तेव्हा कालची ताजी प्रत, नव्या आवृत्तीतली, पुसून टाकली. मधल्या नोंदी कागदांवरून भरता येतील. शोध झकास चालू.

२६ मार्च
आइनोची नोंद भरायला आयलाला जन्मवेळ विचारली. कोण आइनो, म्हणाली. मला थट्टा वाटली. पण तिच्या फोनमध्ये एकही फोटो नाही. दुपारी तिची लेक आली, हात रिकामे. सदरा पुढून ओला झाला होता. दूध. हे कशानं होतंय, असं आईला विचारत होती.
नाव पुन्हा भरलं. पान उघडलं की नाहीसं होतं. कागदही सापडत नाहीत. ताजी प्रत असती तर —

२७ मार्च
यंत्र आपोआप आणखी एक आठवडा मागे गेलंय. १० तारखेची प्रत. मी हातही लावलेला नाही. वायर उपटली. आयलाने हसत परत लावली. गावाचं पाणी तोडतेस का, म्हणाली.

२८ मार्च
आता ३ तारखेची प्रत. आयलाने वेलदोड्याचा पाव पुढे ठेवला. आधीचा माणूस पळाला, तू निदान — तेच शब्द, तेच हसू. लेक कोपऱ्यात रडतेय. का, ते तिलाच कळत नाही. मला कळतं. सांगितलं. कुणी —

३१ मार्च
२४ फेब्रुवारीची प्रत. त्यात मी नाही.
हॅरल्ड माझ्या खुर्चीवर पत्रं ठेवून गेला. मांडीवर. आयलाचा खांदा धरून हलवला — तिने शाल घट्ट ओढली, म्हणाली, वारा कुठून येतोय.
आता ती फोन लावतेय. नोकरीसाठी कुणाला तरी. पलीकडे आवाज — माझा. खूश आहे. सोमवारी येते म्हणतेय. मी ओरडतेय, येऊ नकोस, आलीस तर निदान ती ताजी प्रत पुसू —