आप्पांची ओळ

गुरुवार, संध्याकाळ. निमोणे

शाळेच्या बोर्डावर सगळ्या स्टाफचा परिचय लावायचाय. तो मी लिहायचा, कारण मी म्हणे लेखक. बाकी शिक्षकांनी छंद 'वाचन' दिला. शिपाई आप्पा म्हणाले, "लिवा सर, गजी ढोल वाजवितो. ढोल घुमला की माझं गुडघं दुखायचं इसरत्यात." बोलले तसंच उतरवलं. दोन वर्षांत माझ्या हातून झालेली एकच खरी ओळ.

हेडसर म्हणाले, "गुडघे कशाला? 'संगीत' लिहा."

माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय. म्हणून गप्प बसलो? ती ओळ मीच खोडली. माझ्याच पेनानं. मग कसला लेखक मी?

निघताना आप्पा म्हणाले, "उद्या मंडळीला आणतो. तिला वाचाय येत न्हाई, तुमीच वाचून दावा."

हो म्हणालो.