मागच्या सीटवरचा धूर

सात्सुकी,

आजपासून कोतोहाला पोहण्याच्या क्लासला बसने नेतोय. गाडी बिघडलेली नाही.

काल तिच्या बाई म्हणाल्या, "सहा वर्षांची मुलगी पाण्याखाली एवढा वेळ श्वास धरते, कमाल आहे!" गाडीत मी विचारलं, "कुठे शिकलीस गं?" तर म्हणते, "तुमच्याच गाडीत, आजोबा. तुम्ही सिगारेट पेटवलीत की मी श्वास धरते."

मुलं गाडीत असताना सिगारेट ओढायला कायद्यानेच बंदी हवी, असं तू म्हणालीस तेव्हा मी केवढा भडकलो होतो! खिडकी उघडी असते, धूर बाहेर जातो, म्हणालो होतो. खरंच जातो का, म्हणून आज सकाळी शेजारच्या कुरामोतोंना गाडी चालवायला बसवलं, त्यांना सिगारेट दिली आणि मी मागे कोतोहाच्या जागेवर बसलो. खिडकी उघडी होती. तरी सगळा धूर माझ्याच तोंडावर आला. घराजवळच्या पुलापर्यंतही मला श्वास धरता आला नाही.

कायद्याचं मला अजून पटलेलं नाही, त्यावर भांडू. पण सीटचा वास कशाने जातो, तेवढं सांग. आठवडाभर तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून कागदावर विचारतोय.

— बाबा