पिरिनवरचे लाल दोरे

ती. झाहारीदादांना धाकट्या चुलतभावाचा, स्पिरोचा, नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचा दमा यांनी आता आवरतं घ्यावं म्हणून रविवारी देवळात मेणबत्त्या लावल्या. (गुडघ्याची जरा मोठी होती. वहिनींना सांगू नका.)

मंगळवारी सकाळी मी स्कींच्या तळाला, चढताना मागे घसरू नये म्हणून, फरपट्ट्या चिकटवल्या, प्रतिमेपुढे क्रूसाची खूण केली आणि पिरिनचा डोंगर चढू लागलो. कशासाठी ते तुम्ही जाणताच. डोंगरापलीकडे पाहुण्यांची झोपडी चालवणाऱ्या नेदेल्याला लग्नाचं विचारायचं होतं. कित्येक हिवाळे मी त्यासाठीच निघतो आणि माथ्यावरून परततो. शेजारच्या मेतोदीने कुंपणावरून हटकलंच, "स्पिरो, यंदा तरी पलीकडे उतरणार, की नुसता डोंगराला मुजरा करून येणार?"

धुक्यात परतीची वाट सापडावी म्हणून मी बहिणीने मार्चमध्ये मनगटावर बांधायला वळलेल्या मार्तेनित्सांचे उरलेले लाल-पांढरे दोरे बुटक्या पाइनांना बांधत गेलो. माथ्यावर धुकं आलंच. त्याबरोबर, ईस्टरच्या उपासात लग्नाची गोष्ट काढणं बरं नव्हे, असा एक धार्मिक विचारही आला. (भित्र्या माणसाला धर्म फार लवकर आठवतो.) घरी उतरायचं ठरवून पट्ट्या सोडवू लागलो, तर वाऱ्याने उडून एक पट्टी चिकट बाजूने थेट दाढीवर बसली. मांजराशी झुंजावं तसा तिच्याशी झुंजत मी कितीदा गरगरलो देव जाणे. शेवटी ती दाढीतच ठेवून निघालो.

आधी वाऱ्याने टणक झालेला बर्फ लागला, त्यावर दात वाजले. मग गुडघाभर मऊ बर्फाची घळ लागली. आपला उतार एवढा उभा कधी झाला, असं वाटलं, पण दोष वयाला दिला. तेवढ्यात खाली एक लाल दोरा दिसला, मग दुसरा, मग झाडाझाडाला पाच-पाच. मी एवढे बांधले? तेव्हा चढताना धाप लागली होती, हात आपोआप चालले असतील, अशी समजूत घालत त्या दोऱ्यांमागून उतरलो, तो समोर आपल्या झोपडीच्या दारात नेदेल्या फावडं घेऊन उभी.

"कुठे निघाला होतात?"

"घरी. माझ्या दोऱ्यांच्या खुणेने."

"ते आमच्या पाहुण्यांचे दोरे. मार्च सरत आला की मनगटावरचे सोडून झाडाला बांधतात. तुम्ही काय पहिल्यांदाच मार्च बघताय? आणि दाढीला ते काय?"

तिने कोमट पाण्याने पट्टी सोडवली, "हलू नका" म्हणाली, बिनतेलाचं घेवड्याचं सूप दिलं. दादा, ज्या अनोळखी माणसांनी ते दोरे बांधले, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. रोज रात्री प्रार्थनेत मी त्यांना 'पाइनवाले' म्हणतो. देवाला कळत असावं. मी मात्र त्या दिवशी सूप संपवून, सुपाचीच स्तुती करून, दुसऱ्या सकाळी परतलो.

सर्वांना आशीर्वाद व नमस्कार.
तुमचा स्पिरो

ता. क. ईस्टरनंतरचा रविवार मोकळा ठेवा. तुम्ही आणि वहिनी आमच्या लग्नाचे कुम व्हा: साक्षीदार म्हणून, गुडघ्यासकट उभं राहून, आमच्या डोक्यांवर मुकुट धरायचे आहेत. नाही म्हणू नका, कुमाला तसं म्हणता येत नाही.

ता. क. २. मेतोदी विचारेल, तर सांगा: शुक्रवारी पुन्हा चढलो. लख्ख ऊन होतं, धुक्याची सबब नव्हती. या खेपेला जाणूनबुजून पलीकडे उतरलो आणि तिच्या दारात, स्की पायात असतानाच, विचारून टाकलं.