आभाळातून पडलेला हौद

करागांडा, १४ ऑक्टोबर

आदरणीय गुरुजी, ओराझबेक अगाय,

सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे पहिला बर्फ पडला. आईने पाठवलेला दह्याचा वाळका कुरुत मी प्रयोगशाळेत चघळत असते. सगळे हसतात, "दगड खातेस का गं?"

हे पत्र तुमच्या वर्गातल्या आम्हा अकरा जणांचं समजा. ज्या गुरुजींनी आम्हाला मान वर करून बघायला शिकवलं, तेच आज पायाखाली बघू नका म्हणतात. ही आमची तक्रार आहे.

रॉकेट सुटायच्या दिवशी तुम्ही आम्हाला शाळेच्या छपरावर न्यायचात. रिकामी टाकी सुटून आगीच्या एका ठिपक्याचे दोन झाले की ओरडायचात, "मोजा! आवाज कधी येतो ते मोजा!" मी मोजलं, आणि मोजता मोजता रसायनशास्त्रज्ञ झाले.

माळावर पडलेले रॉकेटचे तुकडे आणायला सगळं गाव धावायचं. त्या पत्र्यातून घसरगाड्या झाल्या, खुराडी झाली. आमच्या तोलेगेनदादाने अर्धी टाकी दोन उंटांनी ओढत आणली. "आई, आभाळाने फुकट हौद पाठवलाय!" मेंढ्या अजून त्यातच पाणी पितात.

उन्हाळ्यात मी गावची माती तपासली. तिच्यात रॉकेटचं विषारी इंधन निघालं, हौदाच्या तळाशी सर्वांत जास्त. तुम्ही गावसमितीचे प्रमुख, म्हणून अहवाल तुमच्याच हाती दिला. "शाब्बास पोरी!" म्हणालात. आणि 'माती स्वच्छ आहे' या कागदावर सही केलीत! फोनवर विचारलं तर म्हणालात, "अगं, कुरणं बंद झाली तर लोकांनी कळप न्यायचे कुठे?"

कुठेही न्या, अगाय! पण आधी खरं सांगा. जे ज्ञान आपल्याच माणसांपासून लपवावं लागतं, ते शिकवलंत कशाला?

आईला सांगितलं, तर म्हणते, "अगायनी सही केलीय. तू त्यांच्यापेक्षा शहाणी झालीस?"

तोलेगेनदादाच्या यकृताच्या आजाराबद्दल लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. पण ती टाकी आणायचा हट्ट माझा होता. तुम्ही वर्गात म्हणाला होतात, हा धातू ताऱ्यांच्या वाटेवर जाऊन आला आहे. मला तो अंगणात हवा होता. दादा गेला. त्याच्या दोन मुली अजून त्याच हौदात डुंबतात.

गाव माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. शुक्रवारच्या गावसभेत उभे राहा आणि माझा अहवाल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा.

आवाज कधी येतो ते मोजत बसलेली,
तुमची
केंझेगुल