राखुंडीचं घरटं

२ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ. मोठी बहीण आहे, आशीर्वाद देणार नाही तर जाते कुठे!

तुझं पत्र पोचलं. जंगलातल्या तळावरचा स्वयंपाकी म्हणतो, धाकट्या बाई खारीसारख्या झाडावर चढतात. हे मला कळवायची काय गरज होती? पाखरं बघायला जन्मभर झाडांवर दोराने लोंबकळले मी, आणि पाय मोडला कुठे, तर ऑफिसच्या पायऱ्यांवर! म्हणून साहेबांनी माझ्या जागी तुला धाडलं. स्टुलावर चढलीस तरी गरगरायचं तुला, आठवतंय ना?

राखुंडी माझी आहे. हे नाव मी ठेवलं, तिच्यापायी मान मोडून घेतली ती मी. अंगठ्याएवढं राखाडी पाखरू, जंगलाच्या पार माथ्यावर पानांमागचे किडे टिपत फिरतं, आणि त्याचं घरटं आजवर कुणी पाहिलेलं नाही. ते तुला सापडलं तर आयत्या बिळावर नागोबाच की! खरं सांगते, सापडू नये असंच वाटतं. आई म्हणते, पाय बरा होईल, या पोटदुखीला औषध नाही.

कमरेचा पट्टा दोनदा तपासत जा. लोभ आहे, वाढायला सध्या जागा नाही.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. आधी घोटभर पाणी पी. घरटं सापडलं.

मी मचाणावर आळशासारखी आडवी पडले होते. तेवढ्यात राखुंडी चोचीत कोळ्याचं जाळं घेऊन डोक्यावरून गेली. किडा असता तर जागीच गिळला असता, जाळं कशाला नेईल? मागोमाग तिचा नवराही तेच घेऊन गेला. बारक्या फांदीच्या बेचक्यात इवलीशी वाटी टांगलीय. तेव्हा ती विणत होती, आता दोघं आळीपाळीने तिच्यात उबवायला बसतात.

खालून नुसतं बूड दिसतं. वरच्या फांदीवर गेलं तर आतलं दिसेल. सगळे म्हणतात जा, मी गेले नाही. पहिली नजर तुझी. तशी मीही काही साधू नाही हं. इथे जो तो ‘ताई असत्या तर’ म्हणतो, तेव्हा मलाही मिरच्या झोंबतात.

प्लास्टर कधी निघणार? लोभाला जरा जागा कर.
तुझी धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र वाचून मी आईवर खेकसले, उशी भिरकावली आणि रडले. आईने उशी उचलून दिली, म्हणाली, हवी तर आणखी एकदा फेक.

अगं वेडे, प्लास्टर निघायला महिना आहे. पिल्लं काय माझ्यासाठी अंड्यात थांबणार? तुझ्या जागी मी असते तर केव्हाच डोकावले असते. तू थांबलीस, याचाच मला जास्त हेवा वाटतो.

पत्र मिळताच चढ. दोघांची पाळी बदलते तेव्हा घरटं क्षणभर मोकळं असतं. तेवढ्यात बघून घे, फांदी हलवू नकोस. अंडी किती, रंग कसा, आत काय अंथरलंय, सगळं लिही. काही म्हणजे काही गाळू नकोस.

फक्त लिहिताना जरा कमी सुंदर लिही.

तुझी जळकुकडी
ताई