पंप चालवून पाहिला

१४ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

परवा तू बेटावर येऊन गेलास, हे मला दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला आलेल्या लाँचवाल्याकडून कळलं. सख्खा भाऊ आगीच्या साधनांचा तपासनीस झाला की बहिणीला त्याची खबर परक्याने द्यायची, असा नवा कायदा निघालाय का? धक्क्यापासून दवाखाना पाचशे पावलं. अण्णा पडला भाऊ, तुझीच बाजू घेतो. म्हणाला, वारा सुटला होता, लाँचवाला भोंग्यावर भोंगे देत होता, बारक्या तरी काय करणार.

तुझ्या दाखल्याने अण्णा मात्र हवेत आहे. दिवसभर होड्यांच्या कारखान्यात रंधा मारायचा आणि संध्याकाळी पंपघरात जाऊन आगीच्या पंपाचं पितळ घासायचं. दाखला त्याने पंपघराच्या दारावर चार खिळ्यांनी ठोकलाय. वहिनी म्हणते, घरचा नळ दोन महिने गळतोय, तिकडे बघायला यांना सवड नाही, पण पंपाच्या पितळेत तोंड बघून भांग पाडता येतो. त्याच्या आग विझवणाऱ्या दलात आता अकरा जण झाले. टपालवाला, बेकरीवाला, शाळेच्या बाईसुद्धा पाइप खांद्यावर टाकून पळतात.

तब्येतीला जप. पुढच्या खेपेस तोंड दाखवल्याशिवाय गेलास तर सुई घेऊन धक्क्यावर उभी राहीन.

तुझी अक्का

१९ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

चुकलो. कान धरले. मार्चपर्यंत बेचाळीस ठिकाणं उरकायची आहेत आणि माणसं आम्ही दोन. त्यातला एक कंबर धरून बसलाय. साहेबांना कागद वेळेवर लागतो, बाकी कशाशी त्यांना देणंघेणं नाही.

एक काम कर. अण्णाला म्हणावं, पंप एकदा पाणी ओढून चालवून बघ. सुरू करून लगेच बंद नाही, चांगला अर्धा तास. डिझेल वाचवायला त्याचा सराव कोरडाच चालतो, ते मला माहीत आहे. त्यालाच लिहिलं असतं, पण तो पत्र न फोडता आठ-आठ दिवस खिशात घालून फिरतो. आठवणीने सांग अक्का, विसरू नकोस.

वहिनींना नमस्कार. नळाचा वायसर मी पाठवतो म्हणावं.

माया आहे ती असू दे.

तुझा बारक्या

११ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आज वि. वि. लिहायला हात होत नाही.

अण्णाला पोचवायला आलास आणि दोन दिवस दारातल्या बाकावर बसून होतास. काय झालं, कसं झालं, एका शब्दाने विचारलं नाहीस. वहिनीसमोर विचारवत नसेल, असं मी धरून चालले. म्हणून लिहिते.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला कारखान्यातल्या रंगाच्या खोलीत आग लागली. थिनरचे डबे उडत होते, त्याचे आवाज दवाखान्यापर्यंत आले. रंगारी आत अडकला होता. पलीकडचा बंब लाँचवर चढवून इथे आणायला सव्वा तास, तुला मी काय सांगायचं. अण्णाच्या माणसांनी सहा मिनिटांत पंप धक्क्यावर आणून समुद्राला लावला. पाणीही आलं. पाण्याच्या आडोशाने अण्णा पाइप घेऊन आत गेला. बेकरीवाला त्याच्या मागे दारात होता.

दोन-तीन मिनिटांत पाण्याचा जोर गेला. पाइप हातात मऊ पडला म्हणतो बेकरीवाला. पंप फुकट घुरघुरत होता. टपालवाल्याने पुन्हा पुन्हा सुरू केला, पण तो पाणी धरीना. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या जोडातला वायसर चिरला होता आणि तिथून हवा जात होती, हे मागाहून कळलं. तेव्हा अण्णाला सगळे हाका मारत होते. त्याने रंगाऱ्याला मागच्या खिडकीतून बाहेर ढकललं. तो स्वतः खिडकीवर चढत होता आणि छप्पर अंगावर आलं.

रंगाऱ्याचे दोन्ही हात भाजलेत, पण जगेल. त्याला मीच पट्ट्या बांधते. अण्णालाही मीच पुसलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

आता जे कुणाजवळ बोलले नाही ते लिहिते. तुझा निरोप मी अण्णाला दिला नव्हता. पत्र आलं त्या आठवड्यात दवाखाना तापाच्या रोग्यांनी भरला होता. मग राहून गेलं. अर्धा तास पंप चालवला असता तर वायसर तेव्हाच कळला असता. तू विसरू नकोस म्हणून लिहिलं होतंस. वहिनी माझ्या हातचा चहा घेते आणि माझ्याने तिच्याकडे बघवत नाही.

अक्का

१५ फेब्रुवारी

ती. अक्कास,
नमस्कार.

हे तुझ्यामुळे झालं नाही. निरोप राहिला हे तू पुन्हा कधी मनात आणू नकोस.

तपासणीला आलो त्या दिवशी मी पंप सुरूच केला नव्हता. पाइप मोजले, बादल्या मोजल्या, वहीत "पंप अर्धा तास चालवून पाहिला" असं लिहिलं आणि दाखल्यावर सही केली. पंपघरात मी वीस मिनिटंसुद्धा नव्हतो. नंतर मनाला टोचणी लागली म्हणून तुला तो निरोप लिहिला. माझं काम मी तुझ्या गळ्यात टाकलं आणि आता त्याचा दोष तू वाहते आहेस. ते मला सोसवत नाही.

बाकावर बसलो होतो तेव्हा समोर पंपघराचं दार दिसत होतं. दाखला अजून तिथेच होता.

बारक्या

२० फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी तुला मनात नाही नाही ते बोलले. तू समोर असतास तर काय केलं असतं सांगवत नाही. लहानपणी तुला पाण्यात ढकलणाऱ्या पोरांना अण्णाने बडवलं होतं, ते आठवून तर जास्तच.

पण आज वेगळंच लिहायला बसले. चौकशीवाले पाच मार्चला येणार आहेत. इथे सगळे धरून चालले आहेत की वायसर काय, आज धड तर उद्या फाटतो. पंपघराची किल्ली अण्णाकडेच असायची, त्यामुळे आत काय झालं ते त्याला आणि तुलाच माहीत. तुझं पत्र मी कुणाला दाखवलं नाही, वहिनीलाही नाही. तू गप्प राहिलास तर कुणी विचारणार नाही. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. गेलेला काही परत येणार नाही. मला आता भाऊ एकच उरलाय.

हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. तरी लिहिते. चूल पेटलेली आहे. सांगशील तर पत्र आत टाकते.

अक्का

२३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न.

पत्र जाळू नकोस. मी पाच तारखेला येतोय. त्याआधी वहिनींना ते वाचून दाखव. त्यांना चारचौघांत पहिल्यांदा कळायला नको.

बारक्या

९ मार्च

भाऊजींना,
नमस्कार.

मी पत्रं लिहिणारी बाई नाही. अक्का लिहून देते म्हणाल्या, पण हे माझं मलाच लिहायचं होतं.

पाच तारखेला शाळेच्या खोलीत तुम्ही उभे राहिलात, तेव्हा मी मागच्या बाकावर होते. पंप न चालवता चालवला म्हणून लिहिलं, हे तुम्ही दोनदा सांगितलंत, कारण लिहून घेणाऱ्याला पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मग चौकशीच्या साहेबांनी विचारलं, असं करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं का. तुम्ही नाही म्हणालात.

ते खरं नव्हे. तपासणीच्या संध्याकाळी यांनी घरी येऊन मला सांगितलं होतं. वारा बघून हेच तुम्हाला म्हणाले, "सही कर आणि नीघ, मी उद्या चालवून बघतो." तो उद्या काही उजाडला नाही. दाखला मिळाला म्हटल्यावर यांना घाई उरली नाही. मी बाकावर वाट बघत होते, की आता तुम्ही यांचं नाव घ्याल. तुम्ही घेतलं नाहीत. मीही उठून बोलले नाही.

म्हणून माफ केलं असं मात्र समजू नका. ते भाऊ म्हणून बोलले, तुम्ही आला होतात तपासनीस म्हणून. सही तुमची. रात्री अंथरुणावर पडले की कधी तुमचा राग येतो, कधी यांचा, आणि यांचा आला की उठून बसते.

तुमची नोकरी गेल्याचं अक्कांकडून कळलं. पुढचं कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. तोवर एक काम आहे. नवा पंप आलाय. कसा चालवायचा त्याचा कागद सोबत आलाय, पण तो कुणाला नीट लागत नाही. दलात दहा उरले होते, मी धरून पुन्हा अकरा झालो. दर रविवारी सकाळच्या लाँचने या. पाणी ओढून दाखवा, जोड उघडून दाखवा, वायसर बदलायला शिकवा, डोळे मिटून जमेपर्यंत. वारा सुटो की समुद्र चढो, काम पुरं झाल्याशिवाय तुम्हाला लाँचमध्ये घ्यायचं नाही, असं मी लाँचवाल्याला बजावलंय.

शेवटी लोभ असावा असं लिहितात. ते आज माझ्याने होत नाही.

घरी येऊ नका. अजून नको. तुमचं जेवण मी पंपघरात आणून ठेवीन.

वहिनी